भंगारात देण्यापूर्वी जरा थांबा



गळीत हंगाम आटोपला, की आवारात जुन्या लोखंडाचा ढीग वाढतो. झिजलेले रोलर, गव्हाणीच्या साखळ्या, दातेरी चाके. पुढे निविदा निघते, ट्रक येतो, वजन होते आणि विषय संपतो. यंदा त्या ढिगाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे, असे आम्हांला वाटते. त्याला कारण आहे चीनमधला एक बंद पडलेला साखर कारखाना.

ग्वांगशी हा चीनमधला सर्वांत जास्त साखर देणारा मुलूख. तेथे यांगशुओ गावच्या परिसरात, ली नदीच्या काठी, १९६०च्या दशकात हा कारखाना उभा राहिला. पुढे तो बंद पडला. बंद कारखान्याचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. आधी पत्रे जातात, मग यंत्रे, शेवटी भिंतीच्या विटा! तेथे तसे झाले नाही. वेक्टर आर्किटेक्ट्स या संस्थेने दोंग गोंग यांच्या नेतृत्वाखाली त्या वास्तूचे हॉटेल केले. 'अलिला यांगशुओ' या नावाने ते २०१७ मध्ये सुरू झाले.

यातली खरी गंमत सजावटीत आहे. नदीवर उसाची चढउतार करण्यासाठी उभारलेला सांगाडा पाडला नाही. त्याच्याच खाली पोहण्याचा तलाव केला. कारखान्याच्या जुन्या इमारतीत आता पाहुण्यांची ऊठबस चालते. तिथल्या पेयगृहाचे नावच '१९६९'. राहण्याच्या खोल्या शेजारी नव्याने बांधल्या, पण त्यांची छपरे जुन्यासारखीच उतरती ठेवली आणि भिंतींत काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांबरोबर तिथलाच दगड वापरला. शोभेला बाहेरून चाक आणून भिंतीवर टांगणे वेगळे आणि जे जिथे राबले, ते तिथेच मानाने उभे ठेवणे वेगळे.

कोणी म्हणेल, "अहो, हॉटेलं कसली काढता? आधी उसाला भाव द्या!" बरोबर आहे. हॉटेल काढा, असे आम्ही म्हणतच नाही. सगळे लोखंड जपून ठेवा, असेही नाही. पण आपल्या विश्रामगृहाच्या दाराशी एखादा जुना रोलर उभा करायला, त्याखाली तो किती हंगाम चालला हे लिहायला, गव्हाणीच्या पट्ट्यांचे बाक करायला असा किती खर्च येणार? निवृत्त फिटर आणि पॅनमन मंडळींच्या आठवणीही आत्ताच उतरून घेतल्या पाहिजेत. ती माणसे काही कायम आपल्यात राहणार नाहीत.

रोलर किलोवर विकला, की पैसे एकदाच येतात. ज्याच्या आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन शेअर घेतला, त्या नातवाला दाखवायला मग काय उरते?

पुढची निविदा निघण्यापूर्वी कोणती वस्तू राखावी, हे सभासदांनी आम्हांस पत्राने जरूर कळवावे. आलेल्या सूचना संचालक मंडळापुढे ठेवू.