रायगड ते सुरत : एका स्वातंत्र्ययुद्धाचा मागोवा

तापीच्या मुखाशी असलेले हजीरा आज कारखान्यांसाठी आणि बंदरासाठी ओळखले जाते. सतराव्या शतकात शेजारच्या सुवाळीला इंग्रज आणि डचांची जहाजे नांगर टाकत आणि त्यांचा माल सुरतेच्या पेठेत जाई. या सुरतेवर शिवाजी महाराज जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670 मध्ये चालून आले आणि दोन्ही वेळा मोहीम आटोपून परतले. त्यांच्या निधनाला चाळीस वर्षे व्हायच्या आत मात्र मराठ्यांनी इथेच बस्तान बसवले. 1719 मध्ये पिलाजी गायकवाडांनी सोनगडला ठाणे केले आणि सुरत अठ्ठाविशीवर चौथाईचा हक्क सांगितला. या स्थित्यंतराचे मूळ मधल्या स्वातंत्र्ययुद्धात आहे. त्या युद्धाने राज्य वाचवले आणि समाजही बदलला.

मार्च 1689 मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. वर्ष सरण्याआधी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. राजा दूर, राजधानी शत्रूकडे, खजिना रिकामा, आणि तरीही लढाई थांबली नाही. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी कारभार सांभाळला, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी फौजा फिरत्या ठेवल्या. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर पंचविशीतल्या ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, लढा चालवला. 1706 मध्ये धनाजींनी गुजरातेत रतनपूरला मोगल फौजेचा पराभव केला. ज्या बादशहाने दख्खन गिळायला घेतली होती, त्याच्याच सुभ्यांत आता मराठे शिरत होते.

पैसा नसताना हे घडले कसे? शिवाजी महाराजांचा कटाक्ष रोख पगारावर होता. सरदारांच्या हाती वंशपरंपरागत मुलूख जाऊ नये, याची ते काळजी घेत. युद्धाने हा नियम मोडायला लावला. औरंगजेब देशमुख-पाटलांना वतनांची लालूच दाखवत होता, तेव्हा त्यांना स्वराज्यात राखायला छत्रपतींनाही वतने आणि सरंजाम द्यावे लागले. 1691 मध्ये घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात तर रायगडापासून दिल्लीपर्यंतची ठिकाणे जिंकल्यावर मिळायच्या रकमा नेमून दिल्या होत्या. जिंकाल ते खाल, हा व्यवहार रूढ झाला.

या व्यवहाराने समाजाचे दरवाजे उघडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तलवार आणि हिशेब येणाऱ्या माणसाला कुळाची थोरवी नसली तरी वर चढता येऊ लागले. धनाजींच्या हाताखाली महसुलाचे काम पाहणारे बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले. पुढच्या पिढीत होळ गावचे मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार झाले. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायचे आणि पावसाआधी घरी यायचे, हा हजारो कुणबी घरांचा वार्षिक क्रम झाला. फौजा उभारायला कर्ज देणारे सावकार राजकारणात वजनदार झाले.

पण जे हात लढ्यात एकत्र आले, ते आपापल्या सरंजामाशी बांधले गेले. युद्ध चालू असतानाच, 1697 मध्ये, संताजींचा अंत वैरातून झाला, आणि मारणारा नागोजी माने मराठाच होता. 1707 मध्ये सुटून आलेल्या शाहू महाराजांना ताराबाईंच्या पक्षाशी खेडला लढावे लागले, पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. सरदारांनी मिळवलेले हक्क मान्य करूनच शाहूंना राज्य बसवता आले. वतनदार हे राज्याचे वाटेकरीच असतात, असा इशारा 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्राने दिला, तेव्हा वाटण्या होऊन गेल्या होत्या. 1731 मध्ये डभईला पेशवे बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे लढले ते गुजरातच्या हक्कांवरून, आणि त्यात सेनापती मारले गेले.

अमेरिकेतही स्वातंत्र्ययुद्धाच्या सैनिकांना पगाराऐवजी कागदी हमी आणि जमिनीचे वायदे मिळाले. पुष्कळांनी गरजेपोटी ते कागद सट्टेबाजांना कवडीमोलाने विकले. पण तिथे युद्धानंतर चार वर्षांत, 1787 मध्ये, राज्यघटना तयार झाली आणि युद्धाचे कर्ज फेडण्याची जबाबदारी मध्यवर्ती सरकारने घेतली. आपल्याकडे असे सर्वांना बांधणारे काही उभे राहिले नाही. म्हणूनच 1802 आणि 1803 मध्ये गायकवाड, पेशवे, भोसले आणि शिंदे यांनी इंग्रजांशी वेगवेगळे तह केले. वसईच्या तहात पेशव्यांनी सुरतेवरचे आपले हक्क सोडले.

त्या लढवय्यांच्या त्यागापुढे नतमस्तक व्हावे, आणि त्यांच्या अडचणीतून आलेल्या निर्णयांचा हिशेबही मांडावा. लढा जिंकण्यासाठी दिलेली वचने शांततेत समाजाचा कायदा बनतात. विजयानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सर्वांच्या हिताच्या चौकटीत बसवली नाहीत, तर स्वातंत्र्य मिळवणाऱ्यांच्या नातवंडांना ते राखता येत नाही.