शेतावरील ऑइल इंजिनाच्या व्हॉल्वची निगा

राजूर व वणी परिसरातील काळ्या जमिनीत गहू पेरल्यावर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळी पाणी चुकल्यास फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. नेमके तेव्हाच इंजिन चालू होईनासे झाले, तर मेकॅनिक येईपर्यंत मोलाचे दिवस वाया जातात. विजेचे पंप आता पुष्कळ झाले. तथापि जेथे वीज वेळेवर मिळत नाही, तेथे डिझेल इंजिनावाचून गत्यंतर नसते.

रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणून व्हॉल्व घट्ट मिटले पाहिजेत. व्हॉल्वची दांडी तापून लांबते, त्यासाठी ती व रॉकर यांत बारीक फट ठेवलेली असते. फट फार कमी झाल्यास व्हॉल्व पुरता मिटत नाही, दाब निसटतो व एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. ती वाढल्यास टकटक आवाज येतो व शक्ती घटते.

फट तपासण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड असावे व बंद करण्याची कळ ‘बंद’ स्थितीत असावी. वरचे झाकण काढून फ्लायव्हील नेहमीच्या दिशेने हाताने फिरवावे. हवा घेणारा व्हॉल्व खाली दबून पुन्हा वर आला, की पिस्टन माथ्यावर आल्याची फ्लायव्हीलवरील खूण जुळेपर्यंत आणखी फिरवावे. आता दोन्ही रॉकर किंचित सैल लागतील. दाब सोडण्याची कळ या वेळी लावलेली नसावी. माहितीपुस्तिकेत दिलेल्या जाडीची फीलर गेजची पाती फटीत घालावी. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. तसे नसल्यास चेकनट सैल करून स्क्रू फिरवावा, स्क्रू धरून नट आवळावा आणि फट पुन्हा मोजावी. फटीचे माप अंदाजाने ठरवू नये.

इंजिन चालू होत नसल्यास प्रथम टाकीतील डिझेल, कॉक व गाळणी पाहावी, आणि नळीत हवा शिरली असल्यास ती काढावी. नंतर फ्लायव्हील हाताने फिरवून दाब पाहावा. दाब लागत नसेल तर फुसफुस कोठून येते ते ऐकावे. धुराड्यातून आल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व, हवेच्या गाळणीतून आल्यास दुसरा व्हॉल्व, आणि क्रँककेसमधून आल्यास पिस्टनच्या रिंगा सदोष समजाव्यात. फट बरोबर असूनही व्हॉल्वमधून दाब निसटत असेल, तर व्हॉल्व घासून बसविण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

धुराचा रंगही दोष सांगतो. काळा धूर जादा भार, तुंबलेली हवेची गाळणी किंवा बिघडलेले नोझल सुचवितो. निळा धूर वंगण जळत असल्याचे दर्शवितो. राजूर हे कोळशाच्या खाणीचे गाव. तेथील धुळीत हवेची गाळणी वारंवार साफ करणे अगत्याचे आहे. बंद खोलीत मात्र इंजिन कधीही चालवू नये. त्याचा धूर प्राणघातक ठरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच शेतकरी बंधूंना एकत्र करून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. फीलर गेजची किंमत अल्प असते. गावात एक असले तरी अनेकांचे काम भागते. पाण्याची पाळी येण्याआधी दिलेला एक तास उभे पीक वाचवू शकतो.