स्प्रिंग कापल्यावर काय बिघडतं?

काष्टीतून दौंडकडे, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यावर ठेंगणी केलेली गाडी दिसली की मला काळजी वाटते. गाडी खाली आली म्हणजे वळणावर घट्ट बसते, हे अर्धंच खरं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म सहसा चाकाकडे उतरता असतो. स्प्रिंग कापली की तो आडवा होतो, कधी उलटा चढतो. गुरुत्वमध्य दोन इंच उतरतो, पण बॉडी ज्याभोवती कलते तो रोल सेंटर त्याहून जास्त. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणून कलवणारा जोरही वाढू शकतो. टाय रॉडचा कोन बदलल्याने खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. तिथं जास्त झीज लागली, तर आधी अलाइनमेंट तपासून घ्या.