जुन्या तपासणीची दुसरी प्रत आहे का?

छातीच्या विकारांच्या ओपीडीत साठीतले एक काका पिशवीतून फाइल काढतात. खोकला हटेना म्हणून एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला, मग सीटी स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसात नऊ मिलिमीटरची गाठ आहे. डॉक्टर विचारतात, ‘‘काका, याआधी कधी छातीचा स्कॅन काढला होता का?’’ तीन वर्षांपूर्वी अपघातानंतर काढला होता आणि त्याची सीडी फाइलमध्येच आहे. पण ती संगणकात घातली की नुसती घरघर होते, पडद्यावर काहीच उमटत नाही.

या सीडीवर बरेच काही अवलंबून असते. फुफ्फुसातली भरीव गाठ दोन वर्षे किंवा अधिक काळ वाढली नसेल, तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. जुन्या प्रतिमा समोर असतील तर हा निर्णय काही मिनिटांत होतो. त्या नसतील तर तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, पेट स्कॅन किंवा सुईने तुकडा काढून तपासणी, आणि तोवर घरात कर्करोगाची धास्ती. छातीच्या साध्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीरात जातो, नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ७. जुना कागदी रिपोर्ट दरवेळी पुरत नाही. तेव्हा लक्ष बरगड्यांकडे असेल तर बारीक गाठीचा त्यात उल्लेखही नसेल.

सीडी अशी बिघडते कशी? घरी किंवा केंद्रात लिहिल्या जाणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझर त्यावर ठिपके उमटवतो, तीच माहिती. ऊन, उष्णता आणि दमट हवेने हा थर खराब होतो. चमकदार बाजूवरचा ओरखडा आपल्याला दिसतो, पण सीडीचा खरा नाजूक भाग नाव लिहितो त्या बाजूला, अगदी पृष्ठभागालगत असतो. त्यावर टोकदार पेनाने लिहिणे किंवा चिकटपट्टी लावून ओढणे जास्त घातक.

प्रत काढताना आणखी एक चूक होते. सीडी उघडली की दिसणारी एक-दोन चित्रे तेवढी उतरवून घेतली जातात, किंवा पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला जातो. स्कॅनच्या प्रतिमा ‘डायकॉम’ या प्रमाणित स्वरूपात असतात. एका तपासणीत शेकडो काप असतात आणि सोबत त्यांची अनुक्रमणिका असलेली फाइल असते. गाठ मोजायची तर हे सगळे लागते. म्हणून सीडीवरचे सगळे फोल्डर नावे न बदलता उतरवावेत, किंवा संपूर्ण सीडीची ‘आयएसओ’ फाइल करून ठेवावी. विंडोज एक्सपीत अशी फाइल बनवण्याची किंवा ती सीडीवर लिहिण्याची सोय मुळात नव्हती, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागे. आयएसओ फाइल सीडीवर लिहिण्याची सोय विंडोज ७ मध्ये आली.

आता पडद्याच्या दुसऱ्या बाजूला पाहू. तपासणी यंत्रांना जोडलेले संगणक अनेकदा जुन्याच प्रणालीवर चालत राहतात. एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचे सुरक्षा-अद्ययावतन थांबले. विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी. तरी प्रणाली बदलणे सोपे नसते. उत्पादकाने यंत्र त्याच प्रणालीवर तपासून दिलेले असते आणि नवीवर ते चालेलच असे नाही.

अशा संगणकावर हमखास एक गैरसमज आढळतो. ‘‘सी ड्राइव्हवरचे सगळे डी ड्राइव्हवर कॉपी केले आहे, काळजी नको.’’ सी आणि डी बहुधा एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. चाळीतल्या खोलीत लाकडी पार्टिशन घालून दोन खोल्या केल्या, तरी छप्पर एकच. ते कोसळले की दोन्ही खोल्या जातात. पार्टिशनचा उपयोग आहेच. प्रणाली एका भागात आणि रुग्णांची माहिती दुसऱ्या भागात ठेवली, तर प्रणाली पुन्हा बसवताना माहितीला हात लावावा लागत नाही. पण ती दुसरी प्रत नव्हे.

खरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी. संपूर्ण डिस्कचा क्लोन करणारी साधने मूळ डिस्क आणि नवी डिस्क कोणती ते विचारतात. तिथे अदलाबदल झाली की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे पुसले जाते. पार्टिशनचा आकार बदलतानाही वीज गेली तर तीच गत. म्हणून आधी प्रत, मग पार्टिशन, हाच क्रम हवा आणि यूपीएस जोडलेले हवे. नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क सहसा पूर्ण वापरता येत नाही. नवी डिस्क घेताना हे पाहावे. एखादी डिस्क खटखट आवाज करत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग न करता जे वाचता येईल ते आधी उतरवून घ्यावे.

हलगर्जीची किंमत १२ मे २०१७ रोजी दिसली. ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय ट्रस्टचे काम विस्कळीत केले, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते. त्यावरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता, पण तो बसवलेला नव्हता. ‘वॉनाक्राय’ जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालत असे. म्हणून प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून ठेवायची, आणि जुन्या प्रणालीच्या संगणकाला इंटरनेट द्यायचे नाही.

रुग्णांसाठी नियम सोपे आहेत. स्कॅनची सीडी मिळाली की त्याच आठवड्यात ती पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवावी. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत भरवशाची नाही. सीडीवर नाव, वय आणि आजार असतो, त्यामुळे बाहेरच्या दुकानातल्या संगणकावर ती उतरवून ठेवू नये. मूळ सीडी उन्हात किंवा देवघराच्या समईजवळ न ठेवता कपाटात उभी ठेवावी.

काकांची सीडी मात्र वाचली. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह कधीकधी वाचतो. तंत्रज्ञाने दुसऱ्या संगणकावर ती सावकाश उतरवून घेतली. तीन वर्षांपूर्वीच्या प्रतिमेत, त्याच जागी, नऊ मिलिमीटरचीच गाठ होती. काकांना खोकल्याचे औषध लिहून दिले आणि सोबत एका पेन ड्राइव्हवर त्यांचे दोन्ही स्कॅन.