थांबण्याची मुदत

स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी, टेलिफोनचा अर्ज केल्यावर तो विसरूनही जाणारी आमची पिढी. तेव्हा वस्तूच मिळत नसे, म्हणून माणूस थांबे. आजची मुले वस्तू दुकानात समोर दिसत असूनही थांबतात. कारण सहा महिन्यांनी तिच्याहून सरस वस्तू येणार, असे त्यांच्या कानावर आलेले असते. या नव्या थांबण्याचा नमुना पाहायचा असेल, तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एवढेच विचारावे : 'ग्राफिक्स कार्ड कधी घेतोस?'

हा शब्द ज्यांना नवा आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर बँकेच्या शाखाधिकाऱ्यासारखा असतो. प्रकरण कितीही गुंतागुंतीचे असो, एकेक कागद पाहून तो निकाल लावतो. पण पगाराच्या दिवशी हजार माणसांना पैसे द्यायचे, तर नुसता हुशार शाखाधिकारी असून भागत नाही. खिडक्या भरपूर लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा शेकडो-हजारो खिडक्या. पडद्यावरचे लाखो ठिपके सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने रंगवायचे, हे त्यांचे काम. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' बाजारात आणले आणि 'जीपीयू' हे नाव रूढ झाले. तेव्हापासून संगणकावर खेळणाऱ्या मुलांच्या घरी वादाला एक कायमचा विषय मिळाला.

माझी धाकटी बहीण निफाड तालुक्यात दिलेली आहे. भाचा नाशिकला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला हवे असलेले कार्ड तीस हजारांच्या घरातले, आणि पैसे येणार चाळीतल्या उन्हाळ कांद्यातून. मेहुणे कांदा विकायचे थांबलेले, भाव चढेल म्हणून. भाचा कार्ड घ्यायचा थांबलेला, भाव उतरेल म्हणून. एकाच घरात दोन उलट्या दिशांची थांबणी! बहीण मला म्हणाली, ''दादा, तू बँकेत होतास ना? मग या दोघांना एकदा काय ते सांग.''

कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'किती हवे?' असे विचारण्याआधी आम्ही 'कशासाठी हवे?' असे विचारत असू. भाच्यालाही तेच विचारले. तो मित्रांबरोबर बहुतेक वेळ 'व्हॅलोरंट' खेळतो. २०२० साली आलेल्या या खेळाची किमान गरज इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या 'एचडी ४०००' या जुन्या ग्राफिक्सवर भागते. म्हणजे तेवढ्यासाठी महागडे कार्ड नकोच. ''पण मामा, मला 'सायबरपंक' खेळायचा आहे,'' तो म्हणाला. तर मग कार्ड हवे. पण कोणते?

याचे उत्तर दुकानदाराकडे नसते, घरच्या मॉनिटरमध्ये असते. साध्या, १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट. ज्याचा मॉनिटर साधा, त्याने फोर-केसाठीचे कार्ड घेणे म्हणजे दोन खोल्यांच्या घराला वाड्याचा दिंडी दरवाजा बसवणे.

दुसरे पाहायचे ते कार्डावरची मेमरी. २०२३ मध्ये 'आरटीएक्स ४०६० टीआय' हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आले. नाव एक, माल दोन. अलीकडच्या काही मोठ्या खेळांना, चित्र अगदी उत्तम हवे असेल तर, ८ जीबी अपुरे पडते. तिसरी गोष्ट वीज. 'आरटीएक्स ४०६०' ला ११५ वॉट पुरतात. त्याच मालिकेतल्या 'आरटीएक्स ४०९०' ला ४५० वॉट लागतात. जुना एसएमपीएस तेवढा भार पेलणार नसेल, तर कार्डाबरोबर त्याचाही खर्च धरावा.

आता 'कधी?' 'थांबले की स्वस्त होते' हा भाच्याचा सिद्धान्त. एरवी तो बराचसा खरा ठरतो. पण २०२१ मध्ये तो साफ कोसळला. करोनामुळे मुले घरात अडकलेली, चिपचा तुटवडा आणि त्यातच इथेरियम हे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोकांनी कार्डे घाऊक उचललेली. ठरल्या किमतीच्या दीडपट-दुप्पट मोजूनही माल मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, खणणे बंद झाले आणि वापरलेली कार्डे जुन्या बाजारात येऊन पडली. पुढे २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचे भाव चढवले. लासलगावचा भाव दिल्लीच्या निर्यातबंदीने हलतो, तसा कार्डाचा भावही आपल्या हातात नसलेल्या कारणांनी हलतो.

तरी एक ताल मात्र दिसतो. एनव्हिडियाची नवी पिढी २०१६, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ अशी, साधारण दोन वर्षांनी आली. पण आधी येतात ती श्रीमंतांची कार्डे. 'आरटीएक्स ४०९०' ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. मध्यमवर्गीय '४०६०' साठी जून २०२३ उजाडला. 'आरटीएक्स ५०९०' जानेवारी २०२५ मध्ये, '५०६०' मे महिन्यात. म्हणून 'नवी पिढी आली' ही बातमी वाचून लगेच आपले कार्ड येईल असे समजू नये. आपल्या ऐपतीचे नवे कार्ड दोन-तीन महिन्यांवर आले असेल, तर थांबण्यात शहाणपण. वर्षभर लांब असेल, तर ते बाजारातल्या तुरीवरून भांडणे.

थांबणे फुकट नसते, हे मेहुण्यांना सांगावे लागत नाही. चाळीतला कांदा महिन्यामहिन्याला वजनात घटतो, कोंब धरतो, आणि नवा लाल कांदा बाजारात आला की जुन्याला कोणी विचारत नाही. म्हणून त्यांनी निम्मा कांदा लगेच काढला, निम्मा ठेवला. भाच्याला मी म्हटले, ''तुझे कार्ड सडत नाही. पण कॉलेजची चार वर्षे घटतात. परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी, रात्रभर खेळायला बसणारे मित्र, हे सगळे पुढच्या पिढीच्या कार्डाबरोबर मिळत नाही.'' त्याने मॉनिटर पाहून कार्ड ठरवले, एक रक्कम ठरवली आणि दसऱ्याची तारीख. त्या दिवशी जे त्या रकमेत बसेल ते घ्यायचे, आणि नंतर वर्षभर भाव पाहायचा नाही.

हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुदत ठेवीला तारीख असते, म्हणून ती ठेव. तारीख नसलेला पैसा नुसता पडून राहतो. इच्छेचेही तसेच आहे. आमच्या पिढीचा नंबर निदान कधीतरी लागत तरी असे. ज्या रांगेचे दुसरे टोक रोज पुढे सरकते, त्या रांगेतून बाहेर केव्हा पडायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.