वेळ अमावस्येचें जेवण आणि वाटणीचें शेत

शेतकीच्या मासिकांत बियाणें, खतें, किडी आणि बाजारभाव ह्यांची चर्चा नेहमींच असते, व ती असावयासच हवी. परंतु शेतांत जें पिकतें तें अखेर चुलीवर चढतें, आणि त्या चुलीभोंवतीं जीं माणसें जेवावयास बसतात त्यांचींच नांवें शेताच्या उताऱ्यावर असतात, ह्या गोष्टीकडे शेतकीवर लिहिणारांचें लक्ष सहसा जात नाहीं. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. सात-बाराचे उतारे, फेरफार आणि वाटणीचीं प्रकरणें हाताळतां हाताळतां केस पांढरे झाले. त्यामुळें लातूर व धाराशिव (पूर्वीचें उस्मानाबाद) ह्या जिल्ह्यांत शेतांत बसून जेवण्याचा जो एक सण आहे, त्याजकडे आम्ही सण म्हणून पाहतोंच; शिवाय जमिनीच्या कागदांतला एक न लिहिलेला रकाना म्हणूनहि पाहतों.

हा सण म्हणजे वेळ अमावस्या, बोलण्यांत येळवस. मार्गशीर्षाच्या अमावस्येस, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धांत किंवा जानेवारीच्या पूर्वार्धांत, तो येतो. नांव मूळचें कानडी असावें असें जाणते सांगतात; कानडींत तिळास एळ्ळु म्हणतात, आणि सीमेपलीकडे बिदर व कलबुर्गीकडील शेतकरी हाच दिवस एळ्ळ अमावस्या ह्या नांवानें पाळतात. वाचकांपैकीं जे खानदेशांत, कोंकणांत किंवा पुण्याकडे राहतात त्यांस ह्या दिवसाची कल्पना येणें कठीण. लातूरच्या बाजारपेठा त्या दिवशीं ओस असतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात, आणि भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं; कारण सारें शहर कोणाच्या ना कोणाच्या शेतांत जेवावयास गेलेलें असतें. ज्यास शेत नाहीं त्यासहि आवतण असतें. वाटेनें जाणाऱ्या परक्या माणसास हाक मारून पंक्तीस बसविणें ही त्या दिवशींची रीतच आहे.

शेतांत ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची कोप बांधतात. तींत पांच दगड मांडून, त्यांस चुना व काव लावून, पांडव म्हणून त्यांची पूजा होते, व लक्ष्मीस नैवेद्य दाखवितात. मग घरचा कर्ता आंबिलीचें भांडें घेऊन शेताच्या कडेनें फिरतो आणि उभ्या पिकावर ती शिंपडीत जातो. ह्यास चर शिंपणें म्हणतात. संध्याकाळीं दूध उतूं जाऊं देतात, व गवताकडब्याचा पेटता हेंडगा शिवारांतून फिरवितात. दूध ज्या दिशेस उतूं गेलें त्या दिशेस पीक चांगलें, असा समज आहे. त्यावर भिस्त ठेवून कोणीं पीकविमा भरावयाचें सोडलेलें मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तें योग्यच.

पण ह्या सर्वांत मन रमतें तें जेवणांत. आदल्या रात्रीं दोन वाजल्यापासून घरोघर चुली पेटतात. मुख्य पदार्थ भज्जी. नांवावरून कोणीं तळलेल्या भज्यांची कल्पना करूं नये. तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, पातीचा कांदा, गाजर, वांगें, असें त्या दिवसांत शेतांत जें जें मिळेल तें एकत्र शिजवावयाचें. चिंचेच्या कोळांत कालविलेलें हरभऱ्याचें पीठ त्यांत सोडावयाचें. आणि वर लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी द्यावयाची, म्हणजे ही दाटसर भाजी तयार होते. कोणाच्या घरीं चिंचेऐवजीं ताक घालतात, आणि ह्यांतलें खरें कोणतें ह्यावर सासर व माहेर ह्यांचा वाद दरवर्षीं नव्यानें होतो. आम्ही चिंचेच्या पक्षाचे आहों. ताकाची जागा आंबिलींत आहे.

आंबिलीसाठीं ज्वारीचें पीठ रात्रभर ताकांत आंबवितात, पहांटे पाण्यांत शिजवितात, आणि तें निवल्यावर पुन्हां ताक घालून पातळ करतात. लसूण, हिरवी मिरची, जिरें व कोथिंबीर वाटून तींत घालावयाची. मातीच्या बिंदगींत, म्हणजे लहान घागरींत, भरून ती डोक्यावरून शेतांत न्यावयाची असते. दोन मैल ढेंकळांतून चालून आल्यावर त्या बिंदगींतला गार, आंबट, किंचित् मातीचा वास असलेला पहिला पेला ज्यानें प्याला आहे, त्यास शहरांतलें कोणतेंहि सरबत पुढें गोड लागत नाहीं. ह्यांखेरीज सज्जाचे वाफविलेले उंडे (बाजरीस इकडे सज्जा म्हणतात), तीळ लावलेली भाकरी, शेंगदाण्याची पोळी, आंबट भात आणि गव्हाची गुळांतली खीर. उंडा हातानें कुसकरून त्यावर भज्जी ओतून घ्यावी. आणि संध्याकाळीं उरलेली भज्जी दुपारच्यापेक्षां सरस लागते, हें अनुभवानें सांगतों.

एक गोष्ट येथेंच नमूद करून ठेवतों. ज्या बाया रात्रभर चुलीपाशीं बसतात त्याच दुपारीं शेवटच्या पंक्तीस बसतात, व तोंवर भज्जी तळाला गेलेली असते. सण शेताचा आहे, तर बिंदगी पुरुषांनीं उचलण्यास व वाढण्यास हरकत कसली? आमच्या घरीं गेलीं कांहीं वर्षें पहिली पंगत बायकांची बसते. त्यामुळें पाऊस कमी झाल्याचें कोणाच्या नजरेस आलेलें नाहीं.

ह्या जेवणाचें जमिनीशीं नातें किती घट्ट आहे तें १९९३ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारी-सास्तूर भागांत भूकंप होऊन हजारों माणसें घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. पुढें सुमारें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. गांवें हललीं, शेतें होतीं तेथेंच राहिलीं. त्यानंतरची पहिली वेळ अमावस्या जानेवारी १९९४ मध्यें आली, तेव्हां लोक अजून पत्र्याच्या निवाऱ्यांत राहत होते. आम्ही त्या दिवशीं त्या बाजूस कामावर होतों. एका शेतांत कोप बांधलेली दिसली व आम्हांस हाक आली. जेवावयास घरचीं तिघेंच होतीं; बिंदगी मात्र अकरा माणसांच्या मापाची भरून आणली होती. आम्ही दोघे कारकून आणि गाडीवाला पोटभर जेवलों, आणि निघतांना त्या घरच्या म्हाताऱ्यानें उरलेली आंबील शेजारच्या शेतांतहि शिंपडली, कारण तेथें कोणी आलें नव्हतें.

आतां वाटणीविषयीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालीं शेताची वाटणी होते, तेव्हां विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, आंब्याचीं झाडें, गाडीवाट, कडब्याची गंजी लावण्याची जागा, अशा बारीकसारीक गोष्टींवरून भाऊ भाऊ तासन् तास भांडतात. आम्हीं असे शेंकडों जबाब लिहून घेतले. परंतु येळवशीची कोप कोणाच्या हिश्शांत बांधावयाची ह्याची नोंद एकाहि जबाबांत नाहीं, कारण ती कोणीं मागितलीच नाहीं. वडिलांच्या वेळीं जेथें ती बांधीत तेथेंच ती पुढें बांधली जाते, मग ती जागा कोणाच्याहि हिश्शास गेलेली असो. बांध कोरल्यावरून एकमेकांवर दावे लावलेले दोघे भाऊ आमच्या परिचयाचे होते. त्यांच्या कोपी निराळ्या झाल्या, पण म्हातारी आई एकीचें ताट दुसरीकडे बांधावरून नेत असे, आणि त्या दिवशीं ताट परत पाठविण्याची छाती दोघांतल्या एकाचीहि झाली नाहीं. दावा पुढेंहि बरींच वर्षें चालला.

बहिणींची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. आणि दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात असो वा नसो, तो हक्क राहतो, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या मात्र ह्यानें मोडत नाहींत. कायदा असा स्पष्ट आहे. प्रत्यक्षांत बाप वारला कीं वर्षाच्या आंत बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात, आणि त्या बहुधा सही करतात. कां करतात, हें आम्हांस एकदां कचेरींतच कळलें. कागदांची चौकशी करावयास भावाबरोबर आलेली एक बाई त्यास म्हणाली, "सही करते दादा, पण येळवशीला बोलवायचं सोडूं नका." तिच्या वाट्यास दोन एकर येत होते. भावानें मान खालीं घातली, आणि पुढें कागद पुरा झाला. उलट जी बहीण हिस्सा मागते तिचें आवतण त्याच वर्षीं बंद पडतें, हेंहि आम्हीं पाहिलें आहे.

आम्हांस हें मुळींच पटत नाहीं. बहिणीनें हक्क सोडला तर भावानें ती देणगी समजावी. मागितला तर देणें समजून चुकवावें. भाकरीचें आवतण ह्या दोहोंच्या बाहेर राहिलें पाहिजे. तसें राहूं शकतें ह्यासहि दाखला आहे. एका घरीं बहिणीनें आपला हिस्सा घेतला, सात-बारावर नांव लावून घेतलें, आणि पुढच्या येळवशीस कोप तिच्याच हिश्शांत बांधली गेली. जागा सपाट होती म्हणून, असें भाऊ सांगत.

माणसें अशीं जमतील. पण शेत त्यांना जेवूं घालील काय? भज्जी ही एका परीनें त्या शेताची पीकपाहणीच असे. गांव नमुना बारांत मिश्र पिकांखालील क्षेत्र आणि निर्भेळ पिकांखालील क्षेत्र असे वेगळे रकाने असत. आमच्या नोकरीच्या आरंभीं मिश्र पिकांचे रकाने भरतांना तलाठ्याचा हात दुखे: ज्वारींत करडईचे पाटे, गुरें शिरूं नयेत म्हणून वाटेच्या कडेसहि कांटेरी करडई, कोठें जवस, कोठें हरभरा, खरिपांत तूर, तीळ, सज्जा. नोकरीच्या अखेरीस बहुतेक उताऱ्यांवर निर्भेळच्या रकान्यांत एकच शब्द उरला, सोयाबीन. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीकपाहणी आली व शेतकरी स्वतः मोबाईलवर नोंद करूं लागला. शब्द बहुतेक तोच राहिला.

सोयाबीनची निंदा करावयाची नाहीं. तें शंभर-सव्वाशें दिवसांत निघतें, रोख पैसा देतें. लातूरची पेठ त्यानें मोठी केली आणि पुष्कळ घरच्या मुलांच्या शिक्षणाच्या फिया त्यानें भरल्या. रब्बी ज्वारी मागें पडण्यास खरीं कारणें आहेत. तिची काढणी हातानें, आणि मजूर मिळत नाहीं. पांखरें राखावीं लागतात. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हां कडबा कोणास घालावयाचा? शिवाय सोयाबीन ऑक्टोबरांत निघेपर्यंत ज्वारीच्या पेरणीची वेळ टळते व रानांत हरभराच पेरावा लागतो. परिणाम असा कीं, येळवशीस शेतांत हरभरा असतो, बांधास चार तुरी असतात, आणि बाकीची भज्जी आदल्या दिवशींच्या बाजारांतून पिशवीनें येते. कोपीसाठीं पांच पेंढ्या कडबा विकत आणणारा तीस एकरांचा धनी आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

आमची सूचना लहान आहे. दहा गुंठे निराळे काढावे. त्यांतल्या सहा गुंठ्यांत जूनमध्यें मूग टाकावा. तो साठ-सत्तर दिवसांत निघून रान ज्वारीस वेळेवर मोकळें होतें. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यांत तेथें ज्वारी पेरावी. एकरीं चार किलो प्रमाणें सहाशें ग्रॅम बी पुरतें. मालदांडी ३५-१ हा मोहोळच्या केंद्रांत निवडलेला जुना वाण भाकरीस व कडब्यास दोहोंस चांगला आहे. वाटेच्या बाजूस करडईच्या तीन ओळी घालाव्या. दोन गुंठ्यांत खरिपास सज्जा, तीळ व थोडा भुईमूग. राहिलेल्या दोन गुंठ्यांत ऑक्टोबरांत हरभरा, आणि पाण्याची थोडी सोय असल्यास वाटाणा, मेथी, कांदा व गाजर. तूर चारी कडांस. ह्यासाठीं एकरीं आठ क्विंटल उतारा धरल्यास दोन क्विंटल सोयाबीन सोडावें लागतें, आणि त्याच्या बदल्यांत मूग, ज्वारी व कडबा घरांत येतोच. भाऊ वेगळे झालेले असतील तर हे दहा गुंठे दरवर्षीं एकेकानें आळीपाळीनें द्यावे. बहिणीचें नांव उताऱ्यावर असेल तर तिचीहि पाळी धरावी.

तीळ आणि सज्जा मात्र पहिल्या पावसावरच पेरला पाहिजे. दसऱ्यास आठवण होऊन उपयोग नाहीं. आणि ई-पीकपाहणींत ह्या दहा गुंठ्यांची नोंद करतांना ती मिश्र पीक म्हणूनच करावी.