वाटेत टायर पंक्चर झाला तर...

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे बाजार समितीचे गाव. येथे शेतमालाबरोबरच कपडा, किराणा, भांडी, फर्निचर अशा मालाचीही ने-आण चालते. अनेक छोट्या व्यापाऱ्यांकडे व कारागिरांकडे आता स्वतःची कार किंवा पिकअप असते. ड्रायव्हर ठेवणे परवडत नाही, म्हणून मालकच गाडी चालवतो आणि वाटेत टायर बसला तर तो बदलण्याची पाळीही त्याच्यावरच येते. गिऱ्हाईक खोळंबलेले असते, त्यामुळे घाई होते. अशा घाईत गाडी जॅकवरून घसरली आणि हात सापडला तर कारागिराची रोजीच बंद पडते. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : गाडी उचलण्याआधी काय केले, यावरच सारी सुरक्षितता अवलंबून असते.

टायर बसल्याचे जाणवताच जोराने ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा. वळणावर किंवा चढावर न थांबता सपाट जागा गाठावी. त्यासाठी थोडे अंतर बसलेल्या टायरवर हळू जावे लागले आणि टायर खराब झाला तरी हरकत नाही. टायर विकत मिळतो. चारही इंडिकेटर चालू करावेत. चमकणारा त्रिकोण गाडीच्या मागे सुमारे पन्नास पावलांवर ठेवावा. मुलाबाळांना व सोबत्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे.

आता हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. मात्र एवढ्यावर विसंबू नये. इंजिनाची ताकद ज्या दोन चाकांना मिळते, त्यांपैकी एक अधांतरी झाले की ते मोकळे फिरते व गिअरचा अटकाव उरत नाही. म्हणून जे चाक बदलायचे, त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून व मागून मोठे दगड लावावेत. गाडीत माल असेल तर तो आधी उतरवावा. कारचा जॅक भरलेल्या पिकअपला कधीही लावू नये.

आपल्या भागातील काळ्या मातीचा आणखी एक धोका आहे. पावसाळ्यात रस्त्याची कड वरून कोरडी दिसते, पण आतून मऊ असते आणि भार येताच जॅक खचतो. यासाठी फूटभर लांब-रुंद, जाड लाकडी फळी गाडीत कायम ठेवावी व जॅक तिच्यावर बसवावा.

चाक जमिनीवर असतानाच सर्व नट अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत. गाडी उचलल्यावर पान्याला जोर लावला तर ती जॅकवरून ढकलली जाते. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावावा. गाडी थोडी उचलली की स्टेपनी दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवावी. जॅक घसरला तरी गाडी तिच्यावर अडते. चाक काढल्यावर ते तिथे ठेवून मग स्टेपनी बाहेर घ्यावी. गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

स्टेपनी चढवून नट हाताने बसवावेत. नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी. गाडी खाली घेतल्यावर नट समोरासमोरचे धरून आवळावेत. एका बाजूने ओळीने आवळल्यास चाक वाकडे बसते. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत. स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगमर्यादेतच, बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या आत, गाडी चालवावी व लवकरात लवकर मूळ चाक दुरुस्त करून घ्यावे.

स्टेपनी हा शब्द मूळचा एका दुकानदारीतला आहे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या गॅरेजपर्यंत पोचले. आता मात्र प्रत्येक गाडीत स्टेपनी असतेच असे नाही. २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या प्रवासी कारला स्टेपनीशिवाय विकण्याची मुभा मिळाली. नवी गाडी घेताना डिकी उघडून हे पाहून घ्यावे.

महिन्यातून एकदा चार टायरांबरोबर स्टेपनीचीही हवा तपासावी. जॅक, पाना, फळी, त्रिकोण व बॅटरी जागेवर आहेत याची खात्री करावी. शक्य असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी, दारातच एकदा चाक काढून बसवून पाहावे व घरातल्या तरुण मुलालाही शिकवावे. माल तासभर उशिरा पोचला तर गिऱ्हाईक समजून घेते. गेलेला हात मात्र परत येत नाही.